हातातली बत्ती आणि दारातली बत्ती

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. कापसाचा हंगाम भरात, जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. रात्री साडेदहाच्या सुमारास वसतिगृहातल्या पोरांचा फोन आला, "मॅडम, जिनिंगवर लय धूर दिसून राह्यला." ज्वाळा नव्हत्या. रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) गोदामाच्या पत्र्याच्या फटींतून पिवळसर पांढरा धूर दमानं बाहेर येत होता.

जिनिंगची आग बहुतेक अशीच लागते. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनमध्ये सापडतो, ठिणगी उडते, आणि ती रुईसोबत हवेच्या पाइपातून थेट ढिगावर जाऊन बसते. तिथं ती लगेच भडकत नाही. रुईच्या पोटात धुमसत राहते. दाबलेल्या १७० किलोच्या गठाणीत शिरली तर दिवस-दिवस धुमसते. वरून पाणी मारा, वरचा थर भिजतो, आतला निखारा तसाच. म्हणून आत जाऊन आगीचं मूळ शोधावं लागतं, आणि आत तर धूर.

त्या रात्री नगर परिषदेचा एकच बंब आला. मूळ शोधण्याआधी दुसरीच घाई झाली. कुणीतरी ओरडलं की एक हमाल आत झोपला होता. (तो मागच्या दारानं केव्हाच बाहेर पडून चहाच्या टपरीवर बसला होता, हे अर्ध्या तासानं कळलं.) श्वसनाचे संच दोन, पण एकाचं सिलिंडर रिकामं. एक फायरमन संच लावून शिरला, दुसरा तोंडाला ओला दुपट्टा बांधून. दुपट्टेवाला दहा पावलांतच खोकत परत फिरला. संचवाला आतच राहिला. बाहेर आम्ही सगळे त्या दाराकडं बघत उभे. दारातून पाच फूट आतलंही काही दिसत नव्हतं.

तो बाहेर आला तो होज, म्हणजे बंबाची पाण्याची नळी, चाचपत. आत दोनदा फिरला, दिशा हरवली, गठाणींच्या थप्पीला धडकला, मग खाली बसून हातानं होज शोधली. जोडाची नर-मादी बाजू चाचपून पंप कुठल्या अंगाला आहे ते ओळखलं आणि रांगत निघाला. बाहेर येऊन मास्क काढला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. त्याच्या हातात चांगली, नवी, महागाची बत्ती होती.

चार दिवसांनी तो आणि लीडिंग फायरमन दोघं आयटीआयमध्ये आले. बत्ती टेबलावर ठेवली. तो म्हणाला, "मॅडम, बत्ती लावली का पांढरी भिंत उभी राह्यते. बंद केली त सोताचा हात दिसत नाई. मंग लावाव का नाई लावाव?" लीडिंग फायरमन म्हणाले, "याच्याहून जादा पॉवरची बनवून द्या. पोट्टे तुमचे हुशार हायेत."

आम्ही ते काम घेतलं. पण मागणी चुकीची होती, आणि ते कळायला आमचे तीन आठवडे गेले.

जादा पॉवर

सुरुवात जादा पॉवरनंच केली. आमच्याकडं जोरदार बत्त्यांची वाण नाही. रानडुकरांपायी शेतकरी रात्र-रात्र मचाणीवर जागल करतो, ओलिताची लाइन रात्रीच येते, त्यामुळं घरोघरी चार्जिंगच्या बत्त्या. पोरांनी गावातून नऊ जमवल्या. धूर म्हणून लग्नाच्या स्टेजवर सोडतात ते मशीन डेकोरेशनवाल्याकडून भाड्यानं आणलं. वर्कशॉपची दारं-खिडक्या बंद करून हॉल भरला, भिंतीवर काळ्या अक्षरांच्या पाट्या लावल्या आणि एकेक बत्ती मारून बघितली.

सगळ्यात जोरदार बत्ती सगळ्यात निकामी निघाली. अर्धा किलोमीटर लांबचं रानडुक्कर दाखवणारी ती बत्ती हॉलमध्ये लावली की डोळ्यांपुढं दुधाची कढई उपडी केल्यासारखं व्हायचं. एका पोराच्या खिशातल्या कीचेनच्या चिमुकल्या दिव्यानं पाटी थोडी तरी वाचता आली.

याचं कारण मी वर्गात फळ्यावर मांडलं, ते इथंही मांडते, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. धूर म्हणजे हवेत तरंगणारे कण. रुईच्या धुमसत्या धुरात ते बहुतेक डांबरट थेंबांचे, मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक. दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. कण आणि लहर साधारण एका मापाचे असले की कण उजेडाला चौफेर उधळतात. आता समजा, दर मीटरला उजेड तिसऱ्या हिश्श्यावर येतो एवढा दाट धूर आहे. दोन मीटरवरच्या खांबापर्यंत उजेड जाणार आणि तिथून डोळ्यापर्यंत परत येणार, म्हणजे चार मीटरची वाट. उरतो ८१वा हिस्सा. तीन मीटरवरच्या खांबाला सहा मीटरची वाट, ७२९वा हिस्सा. म्हणजे फक्त एक मीटर पुढचं बघायला बत्ती नऊपट जोरदार हवी. आणि ती नऊपट केली, तर नाकासमोरच्या धुरातून डोळ्यात परत येणारा उजेडही नऊपट होतो. खांब उजळला, पण त्याच्या पुढचा पडदाही तितकाच उजळला. दिसण्यात फरक शून्य. वर डोळे दिपतात ते वेगळंच.

हा हिशेब समजला तेव्हा मला वाईट वाटलं. बाजारात विकणारा प्रत्येक जण फक्त लुमेनचा, म्हणजे बत्ती किती उजेड टाकते त्याचा, आकडा सांगतो, आणि जिवावर उदार होऊन आत जाणारा माणूस तोच आकडा बघून बत्ती घेतो.

बत्ती डोळ्यापासून दूर

पडदा कमी करायचा तर दोनच गोष्टी हातात होत्या. एक, उजेडाची धार बारीक ठेवायची, आजूबाजूला सांडू द्यायची नाही. दोन, बत्ती डोळ्यापासून लांब न्यायची. गाडीचे फॉग लॅम्प बंपरच्या खाली असतात ते याचसाठी. डोळ्याची नजर आणि बत्तीची धार जितक्या लांब जाऊन एकमेकींना भेटतील, तितका मधला उजळलेला धूर कमी दिसतो.

त्या हिशेबानं डोक्यावरची बत्ती सगळ्यात वाईट. ओलित करणाऱ्याला ती सोयीची, दोन्ही हात मोकळे राहतात. पण धुरात ती डोळ्यांपासून चार बोटांवर असते. पोरांनी तीच बत्ती आधी कपाळाला, मग छातीला, मग कमरेला, मग गुडघ्याला बांधून पाहिली. छातीपासून फरक पडला. कमरेला स्पष्ट फरक. गुडघ्याला आणखी चांगला, पण फायरमन रांगतो तेव्हा गुडघ्याची बत्ती जमिनीकडं बघते. म्हणून कमरेच्या वर, पट्ट्याला अडकवलेली, काटकोनात पुढं बघणारी बत्ती ठरली.

बत्तीवर पिवळा कागद लावायचा प्रयोगही केला, कारण जो भेटेल तो तेच सुचवत होता. बारीक कण निळा उजेड जास्त उधळतात, त्यामुळं निळसर पांढऱ्या एलईडीपेक्षा पिवळट पांढरा थोडा बरा. थोडाच. पाणी मारल्यावर धुरात वाफेचे मोठे थेंब मिसळतात, तिथं रंगानं काही होत नाही. आम्ही पिवळट एलईडी घेतला आणि तो विषय संपवला.

धार बारीक करायला बत्तीच्या तोंडावर नळी हवी होती. पोरांनी पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा आतून काळा रंगवून बसवला. हॉलमध्ये झकास चालला. मग खरा धूर करायचं ठरलं. आयटीआयच्या मागं पडीक पत्र्याचं शेड आहे, त्याचे खांब आठ-आठ फुटांवर. लोखंडी टोपल्यांत कवडी (खराब) कापूस आणि पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) धुमसत ठेवली. आत फक्त संच लावलेले फायरमन गेले, पोरांना मी दारात पाऊल ठेवू दिलं नाही. धुमसत्या आगीत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, त्याला वास नाही, आणि ओल्या दुपट्ट्यानं तो अडत नाही. त्या रात्री दुपट्टा बांधून शिरलेला माणूस दहा पावलांत खोकला म्हणून वाचला. खोकला आला नसता तर तो पुढं गेला असता.

पहिल्याच फेरीत बत्तीची नळी कलली. टोपलीजवळून जाताना पीव्हीसी मऊ पडलं होतं, ते साधारण ८० अंशांनाच मऊ पडतं. नळी वाकडी, उजेड वाकडा, फायरमन चालतोय सरळ आणि बत्ती दाखवतेय डावीकडचं. चूक माझी होती. आगीसाठी वस्तू बनवताना मी तिला आगीजवळ नेऊन पाहिलंच नव्हतं. नंतर टर्नर ट्रेडच्या सरांनी ॲल्युमिनियमचा गज लेथवर घेऊन अख्खं तोंड घडवून दिलं. एलईडीची उष्णताही त्यातूनच बाहेर जाते.

दुसरी अडचण मात्र आम्हाला कोणी सांगितली नव्हती, ती धुरातच सापडली. फायरमनच्या जॅकेटवर रेडियमच्या पट्ट्या असतात. त्या उजेड जिथून येतो तिथंच परत पाठवतात. बत्ती कपाळाला असेल तर परत आलेला उजेड डोळ्यात शिरतो आणि पट्टी चमकते. बत्ती कमरेला आणली की उजेड परत कमरेकडंच जातो. दोन हातांवरचा जोडीदार चमकेनासा झाला. धुराचा पडदा कमी करायला जे केलं, त्यानंच माणूस दिसेनासा केला. त्या दिवशी शेडमधून बाहेर आलेला फायरमन वैतागून म्हणाला, "खांब दिसते मॅडम, पन माह्या सोबतचा मानूस नाई दिसत. खांबाले घेऊन का करू?"

त्याच्या या एका वाक्यानं आमचं डिझाइन उलटं फिरलं.

दारातली बत्ती

रुईच्या धुरात माणसाला नेमकं काय दिसायला हवं? आम्ही तोवर धरून चाललो होतो की समोरचं दिसायला हवं. पण आत गेलेल्याला दोन गोष्टी आधी हव्यात: दार कुठं आहे आणि सोबतचा कुठं आहे. आणि या दोन्ही गोष्टींवर उजेड मारायची गरज नाही. त्यांनाच दिवा लावता येतो.

मघाचाच हिशेब बघा. खांबावर उजेड मारला तर तो जाऊन परत येतो, दुहेरी वाट. दिवाच तिकडं असेल तर उजेड एकदाच येतो, एकेरी वाट. आणि नाकासमोरचा धूर उजळत नाही, म्हणजे पडदा नाहीच. जपानमध्ये तादाहिसा जिन यांनी १९७०च्या दशकात धुरात माणसं बसवून हे मोजलं होतं. धुराचा दाटपणा दर मीटरच्या हिशेबात घेतला, तर दुसऱ्याच्या उजेडानं दिसणारी पाटी ३ भागिले दाटपणा एवढ्या अंतरावरून दिसते आणि स्वतः उजळणारी पाटी ८ भागिले दाटपणा एवढ्या अंतरावरून. अडीचपटीहून जास्त. डोळ्यांना चुरचुरणाऱ्या धुरात मात्र हे आकडे खाली येतात, कारण डोळे उघडेच राहत नाहीत, हेही त्यांनीच दाखवलं. मास्क नसलेल्याला कुठलीच बत्ती उपयोगाची नाही.

आम्ही शेडच्या दाराच्या चौकटीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक हिरवा दिवा टांगला. हातातल्या बत्तीनं जेमतेम पहिला खांब दिसत होता. दारातला दिवा तिसऱ्या खांबापासून दिसला. खाली टांगण्याचं कारण गरम धूर वर चढतो आणि जमिनीलगत थोडी साफ हवा राहते. रुईच्या धुमसत्या थंड धुरात तो थर नीट बनत नाही, खालपर्यंत सगळं सारखंच भरतं. पण रांगणाऱ्या माणसाचे डोळेही वीतभर उंचीवरच असतात.

रंगावर बराच वाद झाला. तांबडा उजेड धुरातून थोडा जास्त पुढं जातो, म्हणून माझा कौल तांबड्याला होता. फायरमननी एकमतानं नको म्हटलं. आत सगळीकडं तांबडं-नारिंगी असतं, त्यात दार कुठलं आणि निखारा कुठला? हिरव्याला अंधारातला डोळाही चांगला पकडतो. दिवा सेकंदाला एकदा, संथ उघडझाप करणारा ठेवला. भराभर लुकलुकला तर सगळा धूरच थरथरल्यासारखा दिसतो आणि चक्कर येते, हे पोरांनी स्टेजच्या धुरात आधीच अनुभवलं होतं.

तोच हिरवा दिवा, लहान करून, कमरेच्या पट्ट्याच्या मागच्या बाजूला बसवला. पुढं पिवळट धार, मागं हिरवा ठिपका. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते.

बाकी बनावट साधी. ३.२ व्होल्टचा लिथियम फॉस्फेटचा मोठा सेल, कारण तो मोबाइलच्या लिथियम सेलपेक्षा उष्णता जास्त सोसतो आणि सहसा पेट घेत नाही. एक वॅटचा एकच एलईडी, साधारण १०० लुमेन. बाजारातल्या बत्तीसमोर हा आकडा कुणालाही किरकोळ वाटेल. स्विच म्हणजे तोंडाभोवती फिरणारं जाड कडं, ओल्या हातमोज्यानं फिरणारं. बटण आम्ही मुद्दाम ठेवलं नाही. थंडीत भिजलेल्या हातमोज्यात बटण सापडत नाही, ते दोन फायरमननी आमच्यासमोर करून दाखवलं. एका संचाचं साहित्य हजार रुपयांच्या आत बसलं.

ही बत्ती काय नाही

धुरातून खरंच आरपार बघायचं तर थर्मल कॅमेरा. तो ८ ते १४ मायक्रॉनची उष्णतेची लहर पकडतो. धुराचे कण त्या मानानं बारीक, त्यामुळं ती लहर बऱ्यापैकी पार होते. रुईच्या ढिगात मूळ कुठं धुमसतंय तेही त्यात दिसतं. त्यालाही मर्यादा आहेत, काचेपलीकडचं दिसत नाही, चकचकीत पत्रा फसवतो. तरी आमची बत्ती त्याची जागा घेऊ शकत नाही. कापसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या बंबावर एक थर्मल कॅमेरा आणि भरलेली सिलिंडरं हवीत, असं माझं ठाम मत आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपूरला आहे, इथून तीन-चार तासांवर. शिकवणारे जवळ आहेत. साधन तालुक्यापर्यंत पोचत नाही.

लीडिंग फायरमन एकदा शेडबाहेर बसून १४ एप्रिलबद्दल बोलले. दरवर्षी त्या दिवशी ते परेड करतात. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाच्या पोटात कापसाच्या गठाणी धुमसायला लागल्या. ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं, पण दाट धुरात आगीचं मूळ सापडलं नाही. शेजारी स्फोटकं होती. ६६ अग्निशामक गेले. "कापूसच होता मॅडम," ते म्हणाले, "आपल्यासारखाच." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

म्हणूनच एका गोष्टीवर मी अडून बसले. चांगली बत्ती हातात आली की माणसाला वाटतं आपण जाऊ शकतो, आणि तो संचाशिवाय शिरतो. तेव्हा दारातल्या दिव्याची किल्ली आम्ही श्वसनसंचाच्या पेटीतच ठेवली. संचाची पेटी उघडल्याशिवाय दिवा लागत नाही. फायरमननी आधी कुरकुर केली, पण मी ते बदललं नाही. दुसरं, स्फोटक जागी वापरायच्या विजेच्या साधनांना नागपूरच्याच पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची, म्हणजे पेसोची मान्यता लागते. आमच्या बत्तीला ती नाही. म्हणून प्रत्येक बत्तीवर तांबड्या रंगात लिहिलं आहे: गॅस, पेट्रोल असेल तिथं नेऊ नये.

मार्चमध्ये जवळच्या खेड्यात एका कोठ्यात (गोठ्यात) कुटाराला, म्हणजे गुरांच्या कोरड्या चाऱ्याला, आग लागली. बैल आधीच सोडले होते, आत तुरीच्या कट्ट्यांमागं गॅसचं सिलिंडर आहे का ते बघायचं होतं. लीडिंग फायरमननी पेटी उघडून सगळ्यात आधी दाराला हिरवा दिवा टांगला. तोच फायरमन आत गेला, जानेवारीतला. गॅसचं सिलिंडर नव्हतं. हवा संपत आल्याची संचाची शिट्टी वाजली तेव्हा तो वळला आणि सरळ दाराशी आला. नंतर त्यानं मला फोनवर सांगितलं, "हातातली त मी बंदच केली होती. हिरवी दिसत होती, तिच्याकडं आलो."

एक दोष अजून राहिला आहे. दिव्याचा आकडा लाकडी चौकटीला अडकतो, पण जिनिंगच्या गोदामांना लोखंडी शटर असतं आणि त्याला आकडा धरत नाही. पोरांनी बारीक, जोरदार चुंबक लावलं होतं, पण तसली चुंबकं तापली की जोर सोडतात. आता जुन्या स्पीकरमधली काळी चुंबकं काढून बघतोय. ती जड आहेत, पण ताप सोसतात. दसऱ्याला नवा कापूस यायच्या आत दोन दिवे तसे करून द्यायचे आहेत.